लेबलच्या प्रोमो यादीत पैसे भरून शिरता येत नाही

‘पाच पायऱ्यांत मोठ्या लेबलांच्या प्रोमो यादीत या’ असा एक मेसेज डीजेंच्या ग्रुपांमधून फिरतोय. लेबल म्हणजे गाणी प्रसिद्ध करणारी कंपनी, आणि प्रोमो यादी म्हणजे रिलीजआधी ती ज्या डीजेंना गाणी फुकट पाठवते त्यांची यादी. भाच्याने परवा तो पुढे ढकलला आणि खाली विचारलं, ‘मामा, पैसे भरू का?’ नको भरूस. का नको, ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण विचारणारा तो एकटा नसणार.

मेसेजचं म्हणणं असं. एक, आधी दहा हजार फॉलोअर जमवा. दोन, ५०० लेबलांच्या पत्त्यांची यादी विकत घ्या आणि सगळ्यांना एकच मेल टाका. तीन, घाई असेल तर शुल्क भरून ‘तयार लॉगिन’ घ्या. चार, प्रत्येक ट्रॅकला पूर्ण गुण आणि ‘जबरदस्त’ असा शेरा द्या. पाच, मिळालेली गाणी तुमचीच, कुठेही टाका, कुणालाही द्या.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण खिसा तिथे कापला जातो.

प्रोमो यादी म्हणजे वर्गणी भरून मिळणारं सभासदत्व नव्हे. लेबल किंवा त्याच्यासाठी काम करणारी प्रोमो एजन्सी रिलीजच्या काही आठवडे आधी गाणी इनफ्लाइट, फॅटड्रॉप, लेबल वर्क्स अशा एखाद्या सेवेवर चढवते, यादीतले पत्ते निवडते आणि प्रत्येक पत्त्याला त्याच्या नावाची वेगळी लिंक जाते. मेल कुणी उघडला, कोणता ट्रॅक ऐकला, कोणती फाइल उतरवली, काय शेरा दिला, हे सगळं लेबलला नावानिशी दिसतं. काही लेबलं फाइलमध्येच न ऐकू येणारी खूणही घालतात, म्हणजे गाणं रिलीजआधी बाहेर फुटलं तर ते कुणाच्या लिंकवरून फुटलं ते कळतं. आता सांगा, ‘तयार लॉगिन’ म्हणजे काय? दुसऱ्या कुणाचं तरी नाव. चोरलेलं, नाहीतर त्यानेच विकलेलं. तुम्ही दिलेला शेरा त्याच्या खात्यावर जमा होतो, तुम्ही वाजवलेल्या गाण्याचं श्रेयही त्यालाच. गाणं फुटलं की खातं बंद, पैसे बुडाले आणि लेबलला तुमचं नाव तेव्हाही ठाऊक नाही. यादीत असण्याचा खरा फायदा लेबलने तुम्हाला ओळखणं हाच असतो. नेमकी तीच गोष्ट हे लॉगिन देऊ शकत नाही.

अशा ठिकाणी ‘प्रोमो पॅक’ म्हणून मिळणाऱ्या फाइलींची वेगळीच तऱ्हा. १२८ केबीपीएसची, म्हणजे हलक्या दर्जाची एमपी३ फुगवून ३२० म्हणून विकलेली असते. स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातल्या वारंवारतांचा आलेख दाखवणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ती उघडा. वरचा भाग १६ किलोहर्ट्‌झच्या आसपास सुरीने कापल्यासारखा दिसला तर फाइल बनावट समजा. खऱ्या ३२० मध्ये आवाज साधारण २० किलोहर्ट्‌झपर्यंत जातो. हेडफोनवर फरक कळणार नाही कदाचित, पण मोठ्या सिस्टिमवर हाय-हॅट पाण्यात भिजल्यासारखे वाजतात. लेबलकडून प्रोमो आला तर बहुधा वेव्ह किंवा एआयएफएफ अशा न दाबलेल्या, पूर्ण दर्जाच्या फाइलीचा पर्यायही असतो. मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे सात मिनिटांचा ट्रॅक ७० एमबीच्या आसपास, आणि ३२० ची एमपी३ जेमतेम १७. क्लबसाठी वेव्ह उतरवा, जागेची चिंता नंतर.

इथे एक अर्धसत्य आहे, ते मान्य करतो. पैसे भरून प्रोमो मिळण्याची एक वैध जागा आहे आणि ती म्हणजे रेकॉर्ड पूल, सभासद डीजेंना अनेक कंपन्यांची गाणी एकत्र पुरवणारी सेवा. डीजेसिटी, बीपीएम सुप्रीम, प्रोमो ओन्ली हे त्यातले. महिन्याची वर्गणी भरा, गाणी घ्या, त्यात गैर काही नाही. लग्न-पार्ट्यांत आणि चालू हिट गाण्यांवर ज्यांचं काम चालतं त्यांना लेबलच्या यादीपेक्षा पूलच जास्त उपयोगी. पण पूल वेगळा, लेबलची यादी वेगळी. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्हींची खिचडी केली आहे.

पूल आला कुठून ते पाहिलं की या धंद्याचा व्यवहार उघड होतो. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅनकूसो, स्टीव्ह डी’अक्विस्टो आणि व्हिन्स अलेत्ती यांनी पहिला रेकॉर्ड पूल उभा केला. त्याआधी डीजेंना एकेका कंपनीच्या दारात ताटकळावं लागे, आणि रेकॉर्ड मिळेल की नाही ते समोरच्याच्या मर्जीवर असे. पूलमध्ये ठरलं ते असं: कंपन्यांनी रेकॉर्ड एका ठिकाणी द्यायच्या, त्या सभासद डीजेंपर्यंत पोचणार आणि बदल्यात डीजे लेखी सांगणार की डान्स फ्लोअरवर काय चाललं, काय पडलं. कंपनीला डीजेचे पैसे नको होते, खबर हवी होती. विनाइल गेलं, सीडी गेली, आता लिंक आली, पण देवाणघेवाण तीच राहिली. लेबल यादीत नाव घालतं ते तुम्ही काहीतरी परत द्याल म्हणून: क्लबमधलं वाजवणं, रेडिओवरचं वाजवणं, चार्टमधलं नाव, कामाचा शेरा. यातलं काही तुमच्याकडे नसेल तर शुल्क भरून ते येत नाही.

दुसरा मुद्दा. ५०० जणांना एक मेल टाकला तर बहुतेक प्रती स्पॅममध्ये पडतील. उरलेल्या चुकीच्या माणसाकडे जातील, कारण विकत मिळणाऱ्या याद्यांमध्ये बरेचसे पत्ते डेमो, म्हणजे कलाकारांनी पाठवलेली नवी गाणी स्वीकारण्याचे असतात. डेमोच्या पत्त्यावर ‘मला प्रोमो पाठवा’ लिहिलं तर वाचणारा त्यात गाणं शोधतो, सापडत नाही, पुढे जातो. शिवाय टेक्नोच्या लेबलला आणि सोलफुल हाउसच्या लेबलला एकच मजकूर गेला की दोघांनाही कळतं की तुम्ही त्यांचं काही ऐकलेलं नाही.

त्यापेक्षा दहा लेबलं निवडा. लहान निवडा, आणि ज्यांचे ट्रॅक तुम्ही आधीच विकत घेऊन वाजवता अशीच निवडा. संपर्क लेबलच्या साइटवर, बँडकॅम्पच्या पानावर किंवा डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवरच्या लेबलच्या नोंदीत पाहा. मेल पाच-सहा ओळींचा. विषयात डीजेनाव, शैली आणि ‘प्रोमो यादीसाठी विनंती’. आत कुठे वाजवता आणि किती वेळा, म्हणजे ‘अमुक क्लबमध्ये दर दुसऱ्या शुक्रवारी’ असं, ‘अनेक ठिकाणी’ नको. रेडिओ शो किंवा पॉडकास्ट असेल तर त्याचं नाव, किती दिवसांनी येतो, किती लांबीचा. मग एकाच मिक्सची लिंक, पूर्ण ट्रॅकलिस्टसह, त्यात त्या लेबलचे दोन-तीन ट्रॅक आणि ते कोणत्या मिनिटाला येतात ते. फाइल जोडू नका. फोटो, चरित्र, लोगो काही नको. शेवटी ज्या पत्त्यावर प्रोमो हवेत तो पत्ता. तो वेगळा काढलेला बरा, आणि पुढे बदलू नका, कारण सेवेच्या लेखी तुमची ओळख म्हणजे तो पत्ता. दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको.

यात खरी आडवाट एकच आहे, आणि मेसेजमध्ये ती नाहीच. प्रोमो एजन्सी एकाच वेळी अनेक लेबलांचं काम करतात. तिथे एकदा नाव लागलं की बऱ्याच लेबलांचे मेल आपोआप येऊ लागतात. तिथे मात्र रेडिओ शो किंवा पक्की रेसिडेन्सी, म्हणजे एखाद्या क्लबमध्ये नेमाने वाजवण्याचं काम नसेल तर दार सहसा उघडत नाही.

पहिला मुद्दा, फॉलोअर. अगदीच खोटं नाही. आकडा बघणारी लेबलं आहेत. पण दर आठवड्याला ट्रॅकलिस्ट छापणारा रेडिओ शो आणि तीनशे फॉलोअर असलेल्या माणसाला आधी घेतात, कारण तिथे त्यांचं गाणं वाजल्याचा पुरावा उरतो. विकत घेतलेल्या फॉलोअरांविषयी बोलायलाही नको.

चौथा मुद्दा, ‘जबरदस्त’. बऱ्याच प्रोमोंत शेरा दिल्याशिवाय डाउनलोड उघडतच नाही, म्हणून लोक काहीतरी ठोकून देतात. नामांकित टेक्नो डीजे रिची हॉटिनच्या नावाने येणारा ‘हॉटिनसाठी डाउनलोड करत आहे’ छापाचा शेरा या वर्तुळात विनोदच झाला आहे. त्याचं नाव त्या जागी आहे एवढ्यावर लेबल खूश असतं, तुमच्या-माझ्या नावावर नसतं. लेबलला रिलीजच्या माहितीपत्रकात आणि दुकानांना दाखवायला वापरता येईल असं वाक्य हवं असतं. ‘दुसरा ट्रॅक, डब मिक्स, रात्री उशिराच्या सेटला बसेल, शनिवारी वाजवतो’ एवढं पुरे. आवडलं नाही तर कमी गुण द्या आणि उतरवू नका. सगळ्याला पूर्ण गुण देणाऱ्याच्या गुणांकडे कुणी बघत नाही, आणि जो मेलच उघडत नाही त्याचं नाव पुढच्या साफसफाईत जातं.

पाचवा मुद्दा, ‘गाणी तुमचीच’. अमेरिकेत प्रोमो सीडींच्या बाबतीत यात काही तथ्य होतं. न मागता पाठवलेल्या प्रोमो सीडी पुढे विकणाऱ्या ट्रॉय ऑगस्टोच्या बाजूने तिथल्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिला होता. पण तो हातात धरता येणाऱ्या सीडीचा निकाल. फाइल ‘देणं’ म्हणजे नवी प्रत काढणं. २०१८ मध्ये, वापरलेल्या गाण्यांच्या फाइलींचा बाजार चालवणाऱ्या रीडिजीच्या प्रकरणात, क्रमांक दोनच्या सर्किट अपील न्यायालयाने विकत घेतलेल्या गाण्यांच्या फाइलीसुद्धा पुढे विकू दिल्या नाहीत, फुकट आलेल्या प्रोमोची गोष्ट दूरच. सेटमध्ये वाजवा, त्यासाठीच ती पाठवलेली असते. रिलीजच्या तारखेआधी अख्खा ट्रॅक यूट्यूबवर चढवू नका, मित्राला लिंक देऊ नका. रेडिओवर आधी वाजवायचा असेल तर मेलमध्ये तशी मनाई लिहिलेली नाही ना, ते पाहा. एखाद्या शोला पहिला मान दिलेला असू शकतो.