फळीच्या ब्रॅकेटबद्दल फिरणारा तो मेसेज पुढे पाठवू नका

‘सुताराचे पैसे वाचवा, फळ्या घरीच लावा’ या मथळ्याचा सहा टिपांचा एक मेसेज सध्या सगळ्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. माझं रत्नागिरीत हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे तो माझ्याकडेही आला होता. वाचला आणि सोडून दिला. परवा वाकडहून भाच्याचा फोन आला, “मामा, तुझ्याकडे बारा बाय तीन इंची एल ब्रॅकेट असतील ना? लेकीच्या पलंगावर पुस्तकांची फळी लावायचीय, त्या मेसेजमध्ये दिलीय तशी.” त्या फळीखाली तीन वर्षांची पोर झोपणार. म्हणून हे लिहितोय.

पहिली टीप जशीच्या तशी देतो: ‘ब्रॅकेटची लांब बाजू फळीखाली आणि आखूड बाजू भिंतीवर घ्या. फळीला पूर्ण आधार मिळतो आणि भिंतीवर लोखंड दिसत नाही.’ सोबत फोटो आहे. बारा इंची बाजू आडवी, तीन इंची भिंतीवर, तिच्यात दोन स्क्रू.

हे साफ उलटं आहे. भरलेली फळी सरळ खाली येत नाही, ती पुढून झुकते. ती झुकायला लागली की ब्रॅकेटच्या उभ्या बाजूचं खालचं टोक भिंतीवर दाबलं जातं आणि वरचा स्क्रू भिंतीतून बाहेर ओढला जातो. वरचा स्क्रू आणि खालचं टोक यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितकी ही ओढ जास्त. खिळा उपटायच्या हातोड्याचा दांडा लांब आणि पंजा आखूड असतो तो याचसाठी. मेसेजमधला ब्रॅकेट स्वतःचाच स्क्रू उपटायच्या तयारीत लावलेला आहे.

हिशोब कुणालाही करता येईल. फळी १ मीटर लांब, ३० सेंमी रुंद, वर ३० किलो पुस्तकं. ३० किलो फार वाटत असेल तर ५०० कागदांचं ए-फोर रिम वजन करून बघा, जाडी जेमतेम ५ सेंमी आणि वजन सव्वादोन किलोच्या वर. तर या वजनाचा मध्य भिंतीपासून १५ सेंमीवर येतो. ३० गुणिले १५ म्हणजे ४५०, दोन ब्रॅकेटमध्ये वाटून प्रत्येकी २२५ किलो-सेंमी. फोटोतल्या ब्रॅकेटचा वरचा स्क्रू कोपऱ्यापासून २ सेंमी खाली धरला, तर तिथून खालच्या टोकापर्यंत साडेपाच सेंमी उरतात. २२५ भागिले साडेपाच, म्हणजे त्या एका स्क्रूवर ४१ किलोंची ओढ. आता १२ बाय १० इंची ब्रॅकेट घ्या आणि १२ इंची बाजू भिंतीवर लावा. अंतर २८ सेंमी, ओढ ८ किलो. वजन तेच, फळी तीच.

आणि फळी पोराच्या पलंगावर असेल तर पुढचा हिशोबही करा. तीन वर्षांचं मूल साधारण १५ किलोंचं. पलंगावर उभं राहून ते फळीच्या पुढच्या काठाला लटकलं, तर १५ किलो भिंतीपासून ३० सेंमीवर, म्हणजे पुन्हा ४५०. पोराचं वजन पुस्तकांच्या निम्मं, पण जोर तेवढाच. ते एका ब्रॅकेटजवळ लटकलं तर जवळजवळ सगळा जोर त्या एकट्यावर. आधीचे २२५ मिळवून ६७५. तीन इंची बाजूच्या स्क्रूवर १२० किलोंच्या वर ओढ, बारा इंची बाजूच्या स्क्रूवर २४. हा मेसेज लिहिणाऱ्याने कधी फळी लावली आहे असं मला वाटत नाही, आणि लावली असेल तर तिच्यावर काही ठेवलेलं नाही.

लांब बाजू भिंतीवर आणि आडवी बाजू फळीच्या रुंदीच्या किमान दोन-तृतीयांश, एवढं पाळा. वजन जास्त असेल तर नुसती वाकवलेली पट्टी घेऊ नका, कोपऱ्यात तिरकी पट्टी वेल्ड केलेला ब्रॅकेट घ्या. साधा एल ओझ्याखाली कोपऱ्यातच मिटत जातो. तिरकी पट्टी असली की त्रिकोण होतो, आणि त्रिकोण पट्टी वाकल्याशिवाय किंवा वेल्ड तुटल्याशिवाय मिटत नाही.

दुसरी टीप म्हणते की नव्या इमारतींच्या भिंती काँक्रीटच्याच असतात, त्यामुळे साधी गट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकतात तो तुकडा) आणि पाऊण इंची स्क्रू पुरतो. ब्रॅकेटच्या पाकिटावर १०० किलो छापलं असेल तर १०० किलो बिनधास्त ठेवा, असंही तीच टीप सांगते. यात अर्धं खरं आहे ते मान्य करतो. मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत, ओतलेल्या टॉवरमध्ये आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या असतात, आणि तिथे फास्टनर घट्ट बसतो. पण कितीतरी नव्या इमारतींत खांब आणि बीम तेवढे काँक्रीटचे असतात, मधली भिंत हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकची, म्हणजे बरेच जण ज्याला सिपोरेक्स म्हणतात त्याची. या ब्लॉकचं भारतीय मानक आहे, आयएस २१८५ भाग ३, सन १९८४. त्यात घनमीटरला ५५१ ते ६५० किलो घनतेच्या ब्लॉकची दाब सोसण्याची ताकद पहिल्या प्रतीला चौरस मिलिमीटरला ४ न्यूटन आणि दुसऱ्या प्रतीला ३ न्यूटन दिली आहे. साध्या एम-२० काँक्रीटची असते २०. हा दाबाचा आकडा आहे, ओढीचा नाही, हे खरं. पण गट्टी पकडते ती आजूबाजूच्या भिंतीला दाबूनच. भिंतच चुरली तर गट्टी धरणार कशाला? पाकिटावरचे १०० किलो ब्रॅकेटच्या लोखंडाचे आहेत. तुमच्या भिंतीबद्दल पाकिटाला काहीच माहिती नसते.

भिंत कसली आहे ते ड्रिल सांगतं. गिलावा संपल्यावर लाल भुगा आला तर वीट. करडा, बारीक भुगा आला आणि मशीन पुढे सरकेना, तर काँक्रीट. बिट लोण्यात गेल्यासारखं आत गेलं आणि पांढरट, हलका भुगा ओंजळभर पडला, तर एएसी. मग ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणं, बंद करा, नाहीतर ८ मिलिमीटरचं भोक ८ चं राहत नाही. एएसीसाठी वेगळ्या लांब नायलॉन गट्ट्या मिळतात, जड कामाला केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवायचा बोल्ट, मिळतो. आणि पाऊण इंची स्क्रू? पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर. त्यातले १२ ते १५ गिलाव्यातच जातात, २ ते ३ ब्रॅकेटच्या जाडीत. भिंतीत उरतं काय?

चुंबकाची टीप माझ्या रोजच्या धंद्यातली. ‘चुंबक चिकटला नाही तर ते ३०४ स्टेनलेस, कधीच गंजणार नाही.’ गिऱ्हाईक खिशातून चुंबक काढून दाखवतं हल्ली. साधं लोखंड ओळखायला तो उपयोगी आहे, तेवढं कबूल. पण स्वस्तातलं २०२ ग्रेडचं स्टेनलेससुद्धा चुंबकाला चिकटत नाही. त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं आणि ते ३०४ पेक्षा लवकर डागाळतं. उलट अस्सल ३०४ ची पट्टी जिथे वाकवली असेल तिथे चुंबक थोडासा ओढ घेतो. म्हणजे या परीक्षेत नकली पास होतो आणि असली नापास होऊ शकतो. बिलावर ग्रेड लिहून मागा. आणि ‘कधीच गंजणार नाही’ हे किनाऱ्यावर बोलू नये. समुद्राकडे तोंड असलेल्या बाल्कनीत ३०४ वरसुद्धा तपकिरी डाग चढतात. खाऱ्या हवेसाठी ३१६ असतं, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. महाग पडतं, पण एसीचं बाहेरचं युनिट ज्या ब्रॅकेटवर रस्त्याच्या वर टांगलंय, तिथे पैसे वाचवायचे नसतात.

‘काळे स्क्रू सगळ्यात मजबूत.’ ते जिप्सम बोर्डाचे स्क्रू आहेत. कडक केलेले असतात, त्यामुळे ठिसूळ. शंका असेल तर एक काळा आणि एक साधा स्क्रू वाइसमध्ये धरून आडवा हातोडा मारा. साधा वाकेल, काळ्याचं डोकं उडेल. वाकलेला स्क्रू दिसतो, फळी काढून घ्यायला वेळ मिळतो. तुटणारा तो वेळ देत नाही.

डबल टेपने ब्रॅकेट चिकटवायच्या टिपेवर जास्त लिहीत नाही. टेप धरते रंगाला, आणि डिस्टेंपरचा पापुद्रा टेपसकट निघतो. कॅलेंडरपुरती ठीक.

शेवटची टीप, ब्रॅकेट फळीच्या अगदी टोकांना लावू नका, ही बरोबर आहे. फळीवर सारखं ओझं असेल तर दोन्ही टोकांपासून साधारण पाचव्या हिश्श्यावर ब्रॅकेट घेतले की फळी सगळ्यात कमी झोकते. १ मीटरच्या फळीला म्हणजे टोकापासून २० सेंमी. पण मेसेज पुढे म्हणतो ‘जितके आत तितके चांगले’, ते ऐकू नका. फार आत घेतले तर टोकाला ठेवलेल्या जड वस्तूने फळी ब्रॅकेटवरून उचकटते. पार्टिकल बोर्डाची फळी १ मीटरपेक्षा लांब असेल तर मध्ये तिसरा ब्रॅकेट लावाच. आधारातलं अंतर दुप्पट केलं की तेवढ्याच दाटीने भरलेल्या फळीचा झोक सोळा पट होतो, आणि पार्टिकल बोर्डाला एकदा आलेला झोक पुस्तकं काढली तरी पुरता जात नाही.