गाळ काढावा, पण मोजून

मी राहते ते स्वित्झर्लंडमधील गाव आल्पाइन ऱ्हाईन नदीच्या बांधालगत आहे, आणि चिपळूणच्या गाळाविषयीची चर्चा मी इथूनच वाचत असते. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठी आणि शिव या नद्यांतील गाळ काढावा म्हणून चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले, ते योग्यच होते. सह्याद्रीच्या घाटातून वेगाने उतरणारी नदी उतार संपताच दगड, वाळू आणि माती टाकून देते. चिपळूण नेमके तिथे वसले आहे. शिवाय दाभोळच्या खाडीची भरती तिथवर चढते आणि कोयनेच्या वीजघरांतून सुटणारे अवजल, म्हणजे वीज निर्माण करून झाल्यावर सोडलेले पाणीही, वाशिष्ठीतच येते. पात्र उथळ राहिले, तर पाणी बाजारपेठेत शिरणारच.

परंतु गाळ निघाला की पूरही टळला, हे म्हणणे मला इथे राहून पटेनासे झाले आहे. १८९२ मध्ये स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांनी करार करून ऱ्हाईन सरळ करायला घेतली. फुसाख येथे १९०० मध्ये आणि डिपोल्डझाऊ येथे १९२३ मध्ये नवे पात्र काढून वळणे तोडली. अरुंद बांधांमध्ये पाण्याचा वेग वाढून नदी आपला गाळ स्वतःच कॉन्स्टन्स सरोवरापर्यंत नेईल, असा हिशेब होता. तरीही तळ चढत गेला आणि १९२७ मध्ये लिख्टेनश्टाइनमध्ये शान येथे बांध फुटला. पुढे खडी इतकी उपसली गेली की तळ खचून १९७० मध्ये शान आणि बुख्स यांना जोडणारा पूल कोसळला. गाळ साचू देणे आणि बेहिशेबी उपसणे, या दोन्हींची किंमत या खोऱ्याने मोजली आहे.

म्हणून मे २०२४ मध्ये झालेल्या नव्या करारानुसार इथे बांधांच्या आतले पात्र रुंद करून त्याची क्षमता सेकंदाला ३१०० वरून ४३०० घनमीटरवर न्यायची आहे. त्या पट्ट्यात शेती आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरी असल्याने वाद वर्षानुवर्षे चालला, पण तो नदीला किती जागा द्यायची यावर होता.

चिपळूणमध्ये मात्र पुराचे पाणी कुठवर येते ते दाखवून बांधकामाला मर्यादा घालणारी निळी आणि लाल पूररेषा पुसण्याचीच मागणी पुढे येते. पिढीजात घरावर रेषा आल्याने बांधकाम अडते, ही वेदना खरी आहे आणि तिची भरपाई सरकारने केली पाहिजे. तरी रेषा हलवल्याने पाणी हलत नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ठरावीक ठिकाणी पात्राचे छेद, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंतची रुंदी आणि खोली, मोजावेत, ते आकडे नगरपरिषदेच्या फलकावर लावावेत, आणि मगच यंदा कुठून किती गाळ काढायचा ते ठरवावे.