फ्रीझरच्या बाहेरचं काय?
लेखात म्हटलंय की उणे 70 अंशांचे फ्रीझर पुरेसे घेतले की करोना लशीच्या साठवणुकीचा प्रश्न सुटतो. मला हे पटत नाही. फ्रीझरबाहेर पडल्यावर खोक्यातली थंडी टिकते ती कोरड्या बर्फावर. हा गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. उणे 78.5 अंशांना तो वितळून द्रव न होता थेट वायू होतो, म्हणून खोक्यात तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. आणि बंद खोलीत तो वायू साठला तर माणूस गुदमरतो. हे काम करणाऱ्यांच्या जिवाबद्दल लेखात एक ओळ तरी हवी होती!

फायझरची लस वितळल्यावर साध्या फ्रिजमध्ये 5 दिवसच ठेवायची, असा आधी नियम होता. मे 2021 मध्ये अमेरिका-युरोपात तो एक महिन्यावर गेला. लस तीच, फक्त टिकाऊपणाची नवी माहिती हाती आली. पण सुरुवातीच्या त्या कुपीत सलाइन मिसळलं की हातात फक्त 6 तास. तेवढ्यात माणसं आली नाहीत तर डोस वाया, फ्रीझर कितीही भारी असो.

काँगोत 2018 पासून इबोलाची लस अशाच थंडीत दुर्गम गावांपर्यंत नेली गेली. ती नेणाऱ्या लोकांच्या अनुभवावर सविस्तर लिहा, ही विनंती.