गप्प बसायचा नियम सगळ्यांना कशाला?

एकमेकांना लिखाण वाचून दाखवणाऱ्या गटांवरचा तुमचा बाकी लेख छान आहे पण वाचून झाल्यावर बाकीचे मत देत असताना लिहिणाऱ्याने तोंड उघडायचंच नाही, नुसतं ऐकून घ्यायचं, हा नियम तुम्ही सरसकट सगळ्या गटांसाठी सांगितलाय ते नाही पटलं. ही पद्धत पसरली ती अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या लेखकांसाठीच्या वर्कशॉपमुळे (१९३६ पासून चालू आहे), पण तिथे येणारी माणसं निवडून घेतलेली असतात. आमच्या गटात कॉलेजची पोरं आणि रिटायर झालेले लोक शेजारी शेजारी बसतात, तिथे हा नियम लावला की मोठी माणसं सुटतातच, शुद्धलेखन काढतात, मग 'आमच्या वेळी' सुरू होतं आणि लिहिणारी पोरगी वहीच्या कोपऱ्यात रेघोट्या मारत बसते नि पुढच्या वेळी येतच नाही.

आता आम्ही लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये काढलेली पद्धत वापरतो (बाई नृत्यवाल्या आहेत, पण लिखाणालाही मस्त चालते). आधी ऐकणाऱ्यांनी काय भिडलं ते सांगायचं, मग लिहिणारा स्वतः प्रश्न विचारतो, मग ऐकणारे विचारतात पण प्रश्नात मत लपवायचं नाही, म्हणजे 'शेवट इतका घाईत का गुंडाळला' असं नाही तर 'शेवटी वाचकाला काय वाटावं असं तुझ्या मनात होतं' असं. मत एकदम शेवटी, तेही 'शेवटाबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?' विचारून, आणि नको म्हणायची पूर्ण मुभा. वेळ जास्त जातो, एका बैठकीत कमी जणांचं वाचून होतं हे मान्य, पण पोरं टिकतात. आणि गंमत म्हणजे 'सांगू का'ला पहिलं 'नको' एका आजोबांनीच म्हटलं.