‘ड्रेड’ ‘द रेड’वरून चोरला? तारखा काही वेगळंच सांगतात

“‘ड्रेड’ म्हणजे सरळसरळ ‘द रेड’ची कॉपी. तीच इमारत, वरच्या मजल्यावर बसलेला तोच ड्रग्जचा डॉन, खाली अडकलेले तेच पोलीस. जकार्ताच्या जागी भविष्यातली अमेरिका आणली, हिरोला हेल्मेट घातलं आणि स्लो मोशनचा मारा केला. प्रेक्षकांनी चोरी पकडली, म्हणून पिक्चर आपटला.”

हा आरोप २०१२पासून फिरतोय आणि जितका जुना होतोय तितका पक्का होत चाललाय. परवा माझ्या मित्राने तो मला पुन्हा पाठवला, खाली दोनच शब्द: ‘आता बोल’. तो ‘द रेड’चा भक्त, मी ‘ड्रेड’च्या बाजूचा. आता बोलतोच. मधेमधे तो काय म्हणाला तेही सांगतो, कारण त्याच्या शंका मूळ आरोपापेक्षा बऱ्याच हुशार आहेत.

दोन्ही पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘द रेड’ हा इंडोनेशियाचा चित्रपट, दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स, जो मूळचा वेल्सचा. वीस जणांचं पोलीस पथक टामा नावाच्या डॉनच्या इमारतीत घुसतं आणि आतच अडकतं. ‘ड्रेड’ हा ब्रिटिश कॉमिकवरचा चित्रपट. जॉन वॅग्नर आणि कार्लोस एस्केरा यांनी १९७७मध्ये ‘२००० एडी’ या साप्ताहिकात जज ड्रेडला जन्म दिला. अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेत मेगा सिटी वन नावाचं ऐंशी कोटी वस्तीचं शहर आहे. तिथे पोलीस, न्यायाधीश आणि फाशी देणारा हे तिन्ही एकाच माणसात, आणि त्या माणसाला ‘जज’ म्हणतात. ड्रेड आणि त्याच्या हाताखाली परीक्षेला आलेली अँडरसन पीच ट्रीज नावाच्या दोनशे मजली ब्लॉकमध्ये जातात, तिथली मा-मा ही डॉन अख्खा ब्लॉक सीलबंद करते, आणि मग सुरू.

असं सांगितलं की दोन्ही सारखेच वाटतात, हे मला मान्य आहे. आता मुद्दे.

“‘द रेड’ आधी आला.”

प्रदर्शित आधी झाला, हे खरं. सप्टेंबर २०११मध्ये टोरांटो महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला, अमेरिकेत लागला मार्च २०१२मध्ये. ‘ड्रेड’ लागला सप्टेंबर २०१२मध्ये. ज्याने हे दोन्ही थिएटरात ओळीने पाहिले त्याला दुसरा नक्कल वाटणारच, त्यात त्याचा दोष नाही.

पण ‘ड्रेड’चं शूटिंग दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला नोव्हेंबर २०१०मध्ये सुरू झालं. ‘द रेड’चं शूटिंग सुरू झालं मार्च २०११मध्ये. म्हणजे इव्हान्सचा कॅमेरा पहिल्यांदा फिरायच्या आधी चार महिने ड्रेडचं काम करणारा कार्ल अर्बन हेल्मेट घालून पीच ट्रीजच्या सेटवर उभा होता. आणि सेट उभा राहायचा तर पटकथा त्याच्याही आधी हातात असावी लागते. ती लिहिली होती ॲलेक्स गारलंडने. सुरुवातीच्या एका खर्ड्यात त्याने जज डेथ या कॉमिकमधल्या खलनायकाची गोष्ट घेतली होती. ती बाजूला ठेवून तो एका ब्लॉकमधल्या एका दिवसाच्या गोष्टीकडे वळला. ‘ड्रेड’ला उशीर झाला तो शूटिंगनंतरच्या कामात. थ्रीडी, इफेक्ट्स, आणि वर एडिटिंगचा तंटा.

तंट्याचं नाव काढलं आणि मित्राने तोच धागा ओढला. ऑक्टोबर २०११मध्ये बातमी आली होती की दिग्दर्शक पीट ट्रॅव्हिसला एडिटिंगमधून बाजूला केलंय आणि सूत्रं गारलंडच्या हातात आहेत. पुढे दोघांनी मिळून निवेदन काढून प्रकरण गुंडाळलं. २०१८मध्ये कार्ल अर्बनने तर या चित्रपटाचा खरा दिग्दर्शक गारलंडच होता असं सांगितलं. मित्राचं म्हणणं: “बघ ना, सप्टेंबरमध्ये टोरांटोत ‘द रेड’ गाजला, आणि ऑक्टोबरमध्ये यांच्याकडे एडिटिंगची खुर्ची बदलली. योगायोग?”

आतापर्यंतचा हा सगळ्यात चांगला आक्षेप. पण एडिटिंगमध्ये काय होऊ शकतं? प्रसंग छाटता येतो, पुढेमागे करता येतो, लांबवता येतो. चोरी म्हणून जे दाखवलं जातं ते मात्र बंद ब्लॉक, वरच्या मजल्यावरची डॉन, चढत जाणारे दोन जज असं आहे, आणि तोच पिक्चरचा सांगाडा. पहिली काही मिनिटं सोडली तर जवळजवळ सगळा चित्रपट त्या ब्लॉकच्या आत घडतो. तो आधीच चित्रित झालेला नसता तर एडिटिंगला काही उरलंच नसतं.

मग उलटा संशय घ्यायचा का, की इव्हान्सने ‘ड्रेड’ची पटकथा ढापली? असंही बोलणारे आहेत, आणि तेही तितकंच पोकळ. ‘मेरान्ताऊ’ (२००९) नंतर इव्हान्सला ‘बेरांदाल’ नावाचा तुरुंगातल्या टोळ्यांवरचा मोठा चित्रपट करायचा होता. पैसे जमेनात. म्हणून त्याने स्वस्तात होईल अशी गोष्ट रचली: एक इमारत, एक दिवस, थोडी पात्रं. तो ‘द रेड’. ‘बेरांदाल’ नंतर ‘द रेड २’ (२०१४) होऊन आलाच.

माझ्या मते सगळं पाणी इथेच मुरतंय. ‘द रेड’ साधारण अकरा लाख डॉलरमध्ये झाला. ‘ड्रेड’चं बजेट तीन ते साडेचार कोटी डॉलरच्या दरम्यान सांगतात, आपल्याला डोळे पांढरे करायला लावेल असं, पण ऐंशी कोटींचं शहर उभं करायला अगदीच तुटपुंजं. १९९५च्या स्टॅलोनच्या ‘जज ड्रेड’ला सुमारे नऊ कोटी लागले होते. शहर परवडत नसेल तर काय करायचं? शहर सुरुवातीला दाखवायचं (जोहान्सबर्गवरून हवेतून शूट केलेले ते धुळकट शॉट आठवा), आणि मग पात्रांना एका इमारतीत कोंडून दरवाजे लावून घ्यायचे. दोन गरजू माणसं वेगवेगळ्या खंडांत एकाच उत्तरावर आली. आणि हे उत्तर काही त्यांनी शोधलेलं नाही. एकाच इमारतीत घडणारा ‘डाय हार्ड’ (१९८८) आठवत नाही असा ॲक्शनप्रेमी विरळा, आणि त्याच्याही आधी ‘असॉल्ट ऑन प्रिसिंक्ट १३’ (१९७६) होता. ड्रेडच्या कॉमिकमध्ये तर १९८१ सालीच ‘ब्लॉक मेनिया’ची कथा आहे, ज्यात अख्खे ब्लॉक एकमेकांविरुद्ध युद्धाला उभे राहतात. बंद टॉवर आणि त्यातली माणसं हे ड्रेडच्या घरचंच सामान आहे.

“गोष्ट तीच आहे.”

इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण आरोप करणाऱ्यांचं सगळ्यात मोठं हत्यार खरंच बिनतोड दिसतं. दोन्ही चित्रपटांत डॉन माइकवरून इमारतीला उद्देशून बोलतो. दोन्हीकडे रहिवाशांना कळतं की पोलीस आत आलेत आणि त्यांना मारायचंय. दोन्हीकडे पोलिसांतलेच काही विकले गेलेले आहेत. मित्राने या तीन गोष्टी एका दमात सांगितल्या आणि विजयी चेहरा केला.

आता त्या दोन घोषणा नीट ऐका. टामा सांगतो की घुसलेल्या पोलिसांचा निकाल लावेल त्याला इथे कायमचं फुकट राहायला मिळेल. म्हणजे तो घरमालक आहे, आणि भाडं माफ करतोय. त्याच्या इमारतीतले गुंड भाडेकरू आहेत, आणि ते आमिषाला हपापून बाहेर पडतात. मा-मा काहीच देत नाही. तिचा हुकूम टोळ्यांना आहे. बाकीच्यांनी वाटेतून दूर व्हायचं, आणि जजना मदत करणाऱ्याची पुढची पिढीही शिल्लक ठेवणार नाही, ही धमकी. एकीकडे लालूच, दुसरीकडे दहशत. म्हणून ‘द रेड’मध्ये प्रत्येक दाराआड शत्रू असू शकतो, आणि ‘ड्रेड’मध्ये बहुतेक दारांआड घाबरलेली माणसं आहेत. अँडरसन गोळी घालते त्या माणसाची बायको नंतर तिला भेटते. तो प्रसंग ‘द रेड’च्या जगात बसवून पाहा, बसत नाही.

इमारतीत जायचं कारणही बघा. ‘द रेड’मधली धाड ठरवून घातलेली आहे, पण वरिष्ठांना न कळवता, लेफ्टनंट वाह्यूने स्वतःच्या हिशोबासाठी पोरांना आत ढकललंय, म्हणून मदत येणारच नाही. आणि हिरो रामाचा सख्खा भाऊ टामाचा उजवा हात आहे. ही दोन भावांची गोष्ट आहे. ‘ड्रेड’मध्ये भाऊबिऊ कोणी नाही. तिथे ड्रेड अँडरसनला सांगतो की शहरात मिनिटाला बारा गंभीर गुन्हे नोंदले जातात, दिवसाला सतरा हजार, आणि जजना त्यातल्या सहा टक्क्यांच्या आसपासच गुन्ह्यांना पोचता येतं. (गुणाकार केला तर सतरा हजार दोनशे ऐंशी येतात, ड्रेडने फक्त वरचे सोडले.) ती विचारते, कुठले सहा टक्के? तो म्हणतो, ते तू ठरव. आणि ती पीच ट्रीज निवडते. पुढचं सगळं त्या निवडीतून येतं. ही नवशिक्या मुलीच्या परीक्षेची गोष्ट आहे, जिच्यात नियमाने नापास ठरलेली अँडरसन मा-माच्या तावडीतल्या संगणकवाल्या पोराला स्वतःच्या न्यायाने सोडून देते, आणि नियमांपलीकडे न पाहणारा ड्रेड शेवटी तिला पास करतो.

राहिले विकले गेलेले पोलीस. ते दोन्हीकडे आहेत, मान्य. पोलिसांच्या गोष्टीत तो कच्चा माल आहे, त्यावर कुणाचाच मालकी हक्क नाही.

मित्र वकिलाच्या थाटात म्हणाला, “सामान्य प्रेक्षकाला सारखं वाटलं की कॉपी, असं कोर्टच म्हणतं.” तो ज्या निकालाचा अर्धा भाग सांगत होता तो आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७८चा, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. एका नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट चोरला असा तो दावा होता. दोन्ही पाहणाऱ्याला दुसरी कृती पहिलीची नक्कलच आहे असं निःसंशय वाटलं पाहिजे, हे त्या निकालात आहेच. पण त्याच निकालात हेही आहे की कल्पना, विषय, कथानकाची कल्पना यांवर कॉपीराइट नसतो; तो असतो मांडणीवर. विषय एक आणि मांडणी वेगळी असेल तर उल्लंघन नाही. नाटककार ती केस हरले. आणि मुळात जे अजून बनलेलंच नाही त्याची नक्कल कशी करणार, हा प्रश्न तर त्याच्याही आधीचा.

“हाणामारीही तीच, फक्त स्लो मोशन घातलं.”

हे वाचून दोन्ही पाहिलेल्या माणसाला हसू यावं. ‘द रेड’ उभा आहे तो पेनचाक सिलाट या तिथल्या युद्धकलेवर. इव्हान्स या कलेवर माहितीपट करत असताना त्याला ‘द रेड’चा हिरो इको उवैस सापडला, जो तेव्हा एका टेलिफोन कंपनीत गाडी चालवायचा. हात, कोपर, गुडघे, सुरे, आणि तुटलेला दरवाजासुद्धा. टामाचा गुंड मॅड डॉग (नट यायान रुहियान) बंदूक हातात असताना ती बाजूला ठेवतो, कारण त्याला हातांनी मारण्यातच मजा आहे. माझ्या मित्राला हा प्रसंग पाठ आहे आणि तो करूनही दाखवतो, फर्निचरची काळजी न करता.

ड्रेड मात्र क्वचितच कोणाला हात लावतो. तो बंदुकीला तोंडाने हुकूम देतो आणि गोळीचा प्रकार बदलतो. मा-माची माणसं भल्या मोठ्या मशीनगन लावून एका मजल्याच्या भिंतीच्या भिंती उडवतात, आणि आतली कुटुंबं त्यात मरतात. एका चित्रपटात शरीर थकत जातं, दुसऱ्यात इमारत.

स्लो मोशनचं तर कारणच कथेत आहे. मा-मा जो ड्रग विकते त्याचं नाव स्लो-मो, आणि तो घेतला की मेंदूला वेळ नेहमीच्या एक टक्का वेगाने जातोय असं वाटतं. म्हणून ते चमकते थेंब, ते गालांवरून जाणारे लाटेसारखे गोळीचे धक्के. ते हायस्पीड कॅमेऱ्यांवर टिपले अँथनी डॉड मँटलने, ज्याला आपली मुंबई टिपलेल्या ‘स्लमडॉग मिलियनेर’साठी ऑस्कर मिळालं होतं. सुरुवातीच्या एका प्रसंगात मा-मा माणसांना हा ड्रग देऊन दोनशेव्या मजल्यावरून खाली टाकते, म्हणजे पडण्याचा काळ शंभर पटीने लांबवते. शेवटी तिच्या वाट्याला काय येतं ते ज्याने पाहिलं नसेल त्याच्यासाठी सोडतो. हे ‘घातलेलं’ स्लो मोशन नाही. ते काढलं तर खलनायिका उरत नाही.

“लोकांनी चोरी पकडली म्हणून आपटला.”

आपटला हे खरं. जगभरात ४ कोटी १० लाख डॉलरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा थिएटरवाल्यांचा. दुसरा भाग आला नाही.

पण लोकांनी ‘द रेड’शी तुलना करून तिकीट नाकारायचं तर आधी लोकांनी ‘द रेड’ पाहिलेला हवा. अमेरिकेत त्याची थिएटरची कमाई ४१ लाख डॉलरच्या आसपास. तेव्हा तिथलं सरासरी तिकीट आठ डॉलरच्या घरात होतं. म्हणजे झाली पाचेक लाख तिकिटं. त्याच देशात ‘ड्रेड’ने १ कोटी ३४ लाख कमावले, म्हणजे आपटलेल्या पिक्चरने चोरी झालेल्या पिक्चरच्या तिप्पट धंदा केला. पाच लाख माणसांच्या नाराजीने तीसेक कोटींच्या देशात चित्रपट पडत नाही.

पडला तो जुन्या कारणांनी. प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र, बहुतेक जागी थ्रीडीचं महाग तिकीट, मोठा स्टार नाही, आणि जो आहे त्याचा चेहराही शेवटपर्यंत दिसत नाही, कारण कॉमिकमध्येही ड्रेडचा पूर्ण चेहरा कधी दाखवत नाहीत. आणि सगळ्यांच्या मानेवर बसलेला १९९५चा स्टॅलोन, ज्याने ते हेल्मेट काढलं होतं आणि ज्याच्या पिक्चरमुळे सामान्य अमेरिकन प्रेक्षकाला ‘जज ड्रेड’ म्हटलं की विनोद आठवायचा. डीव्हीडी आणि ब्लू-रे आल्यावर मात्र ‘ड्रेड’ विक्रीच्या यादीत वर गेला. तोवर ‘द रेड’चंही नाव घरोघर पोचलेलं होतं, म्हणजे चोरी पकडायची तर तेव्हा पकडायला हवी होती.

यावर मित्राचं ताजं उत्तर आलंय: “ठीक आहे, चोरी नाही. पण मॅड डॉगसमोर तुझा ड्रेड दोन मिनिटं टिकणार नाही.” बंदूक बाजूला ठेवायची अट असेल तर दोन मिनिटंसुद्धा जास्तच झाली.