नवतप्यातला एसी

नागपुरात जुन्या गाडीचा एसी थंड करेनासा झाला की अख्खं गाव एकच निदान करतं, "गॅस संपला असन." शेजारी सांगतात, पेट्रोल पंपावरचा पोऱ्या सांगतो, विमा एजंट तर न विचारताच सांगतो. आता गॅस म्हणजे काही पेट्रोल नव्हे, जळून संपायला. बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला. पण गळती शोधायला दिवस जातो आणि गॅस चहा येईपर्यंत भरून होतो. त्यामुळे दर उन्हाळ्यात आमच्या गाडीला सलाईनसारखा गॅस चढायचा.

गॅस गळताना एकटा जात नाही, हे मात्र कुणी बोललं नव्हतं. कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं, तेल गॅसबरोबरच फिरतं आणि त्याच्याबरोबरच घर सोडतं. मागे कोरडा पडलेला कॉम्प्रेसर जाम व्हायला मुहूर्त शोधतो, आणि आमच्या कॉम्प्रेसरने तो नवतप्याचा शोधला. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो नि हे नऊ तापते दिवस सुरू होतात, पारा 45च्या घरात, आणि आम्ही वर्ध्याच्या लग्नाला निघालेलो. मागच्या सीटवर आत्या, पैठणीत. बुटीबोरी यायला आणि बॉनेटमधून किंकाळी फुटायला एकच गाठ पडली.

"कोन मेलं रे?" आत्याने विचारलं. पाठोपाठ जळक्या रबराचा वास आला.

तिथल्या मेकॅनिकने इंजिन बंद करायला लावून, पट्टा ढिला करून कॉम्प्रेसरची पुली हाताने फिरवली. ती फिरली. मग कॉम्प्रेसरच्या दांड्यावरची पुढची चकती फिरवायला गेला, ती मात्र ढिम्म. त्याचा चेहरा समाधानाने उजळला. "भाऊ, जाम झाला न हा! तुमच्या गाडीत एसीचा पट्टा अलग आहे, नशीब समजा. काढूनच टाकतो." नव्या गाड्यांत बहुधा एकच लांब पट्टा बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरसकट सगळ्यांना ओढतो, तो तुटला की वरात रस्त्यातच. आमच्या गाडीचं म्हातारपण पहिल्यांदा कामी आलं.

पुढचा प्रवास आत्याने हातात घेतला. खिडकी उघडली की येणारी हवा अंगापेक्षा गरम, बंद केली की आपलाच घाम आपल्याला. तिने दुपट्ट्यावर बाटली रिती केली आणि तो काचेत अडकवला. वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरचंच तत्त्व. विदर्भाच्या कोरड्या हवेत ते चाललंही. मुंबईत फजिती झाली असती. अडचण एवढीच, की कूलरला पंप असतो आणि आम्हाला पिण्याचं पाणी होतं, तेही लवकरच नव्हतं. शिवाय डावीकडचा आरसा दिसेना, तेव्हा मागून काय येतंय ते आत्या सांगायची. ट्रक पुढे निघून गेल्यावर.

नागपुरातल्या एसीवाल्याकडे खर्चाला तोंड फुटलं. "नुसता कॉम्प्रेसर बदलून नाही जमत, भाऊ. जाम होताना त्याचा चुरा साऱ्या नळ्यांत गेला. ड्रायर बदला, एक्सपान्शन व्हॉल्व्ह बदला. कंडेन्सर धुऊन साफ नाही होत, लय बारीक नळ्या राह्यते त्यात." मी हुज्जतीच्या पवित्र्यात होतो, तर त्याने एक नळी फडक्यावर उपडी केली. काळं तेल, आत चमचमता चुरा. म्हणजे वाईट बातमी अशी, की माणूस खरं बोलत होता. लबाड असता तर नुसता कॉम्प्रेसर बदलून स्वस्तात सोडलं असतं.

आकडा निघाला 32,000. आणि गाडीचे दलालाने सांगितलेले 60,000, तेही एसी चालू धरून.

"इकून टाक न मग," आत्या म्हणाली. पण जुनी गाडी बघायला येणारा बसल्या बसल्या पहिलं बटण एसीचंच दाबतो. गाडी विकायची तरी एसी करा, ठेवायची तरी करा. केला. व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा नि ओल ओढली, नवं तेल घातलं, गॅस वजन करून भरला. निघताना एसीवाल्याने बजावलं, "थंडीतही हप्त्यातून धा मिनटं लावत जा. तेल फिरत राह्यते, सील सुकत नाही."

त्यामुळे डिसेंबरच्या रविवारी सकाळी सोसायटीचा वॉचमन शेकोटी सोडून आमच्याकडे बघत उभा राहतो. गाडीत मी स्वेटर घालून, मागे आत्या शाल आणि कानटोपीत, आणि समोरून बर्फासारखा झोत.

"झाले का रे धा मिनटं?"

"चार झाले."

"मंग घड्याळ पण जाम झालं तुयं."