चार बाइटांची ढांग

ज्या जळगावाला सुवर्णनगरी म्हणतात, त्या जळगावात राहून सोन्याच्या भावात लक्ष न घालणे हा असभ्यपणा समजला जातो. तो आळ टाळण्यासाठी मी मेटाट्रेडर 5 या सौदे करण्याच्या सॉफ्टवेअरवर, तेही खोट्या पैशांच्या डेमो खात्यात, सौदे सुचवणारी एक स्क्रिप्ट लिहिली. आणि तिला जड गणिते झेपणार नाहीत, असे माझे मीच ठरवून ती गणिते सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या एका डीएलएलकडे, म्हणजे बाहेरच्या लायब्ररीकडे, सोपवली. काम एवढेच होते की स्क्रिप्टने आणलेल्या शंभर कॅंडल (एकेका तासातले सुरुवातीचा, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा असे चार भाव, म्हणजे ओपन, हाय, लो, क्लोज) उचलून पलीकडच्या लायब्ररीच्या ओंजळीत घालायच्या. एवढ्याशा कामाने माझे तीन रविवार खाल्ले.

पहिला रविवार डीएलएल इम्पोर्टला परवानगी देणाऱ्या चौकटीत टिक करायला विसरण्यात गेला. त्याविषयी अधिक बोलत नाही.

दुसऱ्या रविवारी भाव पोहोचले. पहिली कॅंडल अगदी बरोबर होती. दुसरीच्या भावात इतकी शून्ये होती की तो खरा असता, तर आमच्या सराफ बाजाराला सोने तोलायला नव्हे, शून्ये मोजायला माणसे ठेवावी लागली असती. तिसरीतले आकडे मात्र ओळखीचे निघाले, फक्त ओपनच्या जागी हाय, हायच्या जागी लो, लोच्या जागी क्लोज आणि क्लोजच्या जागी जवळजवळ शून्य. पुढे पुन्हा गोंधळ, आणि सोळावी कॅंडल एकदम धुतल्या तांदळासारखी!

उलगडा झाला तो बाइट मोजायला बसल्यावर. स्क्रिप्टच्या भाषेत एका कॅंडलमध्ये वेळ, चार भाव आणि दोन व्हॉल्यूम असे आठ-आठ बाइटांचे सात रकाने असतात, स्प्रेडचा, म्हणजे खरेदी-विक्रीच्या भावांतल्या फरकाचा, एक रकाना चार बाइटांचा असतो, आणि हे सगळे खेटून बसवलेले असल्यामुळे बेरीज 60 होते. सी प्लस प्लसच्या कंपायलरला, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला, मात्र आठ बाइटांचा रकाना आठाच्या पटीतल्या जागेवरच सुरू झालेला आवडतो, म्हणून तो स्प्रेडनंतर चार बाइट रिकामे सोडतो आणि कॅंडल 64 बाइटांची धरतो.

शेतातल्या भरीत पार्टीत केळीची पाने साठ-साठ बोटांवर मांडावीत आणि वाढप्याने चौसष्ट बोटांची ढांग टाकत निघावे, तसा हा प्रकार. पहिल्या पानावर भरीत बरोबर पडते, दुसऱ्यावर अर्धे भरीत आणि अर्धी कळण्याची पुरी एकमेकांत कालवली जाते, तिसऱ्यापर्यंत सगळे नेमके एक घर सरकते, आणि पंधरा ढांगांत साठ बोटांची चूक साचल्यामुळे सोळाव्या खेपेचे वाढप सतराव्या पाहुण्याच्या पानावर अचूक उतरते. शंभर ढांगा पुऱ्या होईपर्यंत वाढपी पंगतीच्या टोकापलीकडे चारशे बोटे कपाशीत शिरलेला असतो. मेटाट्रेडर अधूनमधून गपकन बंद का पडत होते, तेही मला तिथेच कळले. सी प्लस प्लसच्या फाइलीत त्या रचनेच्या वर ‘प्रॅग्मा पॅक एक’ एवढी, रकाने खेटून बसवायला सांगणारी ओळ लिहिताच ढांग आखूड झाली.

तिसऱ्या रविवारी लायब्ररी ठामपणे चुकीचा सल्ला देऊ लागली. स्क्रिप्टमध्ये मी सर्वांत ताज्या कॅंडलला शून्य क्रमांक दिला होता, परंतु तो क्रम स्क्रिप्टपुरता पाहण्याचा होता. मेमरीत जुनी कॅंडलच पहिली बसली होती, आणि लायब्ररीला मेमरीखेरीज काही ठाऊक नव्हते. म्हणजे ती सर्वांत जुन्या कॅंडलच्या भावावर, मोठ्या आत्मविश्वासाने, आजचा सौदा सांगत होती. (असा सल्ला देणारे दोन नातेवाईक मला आहेत, पण त्यांचा क्रम उलटता येत नाही.)

“काय करी राह्यना रे भाऊ? सराफले फोन लाव, दोन मिनिटमा भाव समजी जाई,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. मी अभिमानाने पडद्यावरचा भाव वाचून दाखवला. तो डॉलरमध्ये आणि औंसाला असल्याचे तिला समजताच मी त्याला औंसातल्या ग्रॅमनी, म्हणजे 31.1035 ने, भागले, रुपयात आणले आणि दहाने गुणून तोळ्याचा भाव सांगितला.

“अन तोळा दहा ग्रॅमना कव्हा व्हयना?”

तिचा तोळा 11.66 ग्रॅमचा आहे. मी पुन्हा कोड उघडला.